पलीकडच्या काठावरचं लुगडं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा हे सोडून बाकीचं सगळं बोललो. देवाला काय, ठाऊकच असेल — असं म्हणून तिथूनही सुटलो. मग तुम्हालाच का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. जे ओळखतात ते मला भला माणूस म्हणतात. पेणेत दोन-चार घरं अशी आहेत की सोयरीक जुळवताना माझा शब्द घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. मला त्याचं हसू येतं. पण शब्द देतो मी, नाही असं नाही.

धरमतरच्या खाडीकाठी एका मिठागरावर मी तेरा वर्षं दिवाणजी होतो. मोठी लढाई संपून पाच-सात वर्षं झाली होती तेव्हा लागलो. वय सव्वीस, लग्न नुकतंच झालेलं, बायको पेणेला आईपाशी. आगरावर मी एकटा — एक खोली, एक स्टोव्ह आणि खिडकीतून दिसणारी खाडी. खाडीपलीकडे एक लहानसं गाव. त्या गावातला एकच माणूस आमच्या आगरावर कामाला होता. त्याचं नाव जोमा.

जोमा उघाडीवर होता. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. त्यातून खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि पुरेसं झालं की दार पाडायचं. सोपं वाटतं ना? अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी बांधाच्या माथ्याला लागतं. त्या वेळी दार पाडायला घटकाभर उशीर झाला तर वाफ्यांत तयार झालेलं मीठ जागच्या जागी विरघळून जातं. म्हणून उधाणाचे दिवस जोमा उघाडी सोडत नसे. तिथेच खायचा, तिथेच निजायचा. आणि अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग लागला, म्हणजे भरती नुसती नावाला येऊ लागली, की सप्तमीला आपली होडी काढून घरी जायचा. एकादशीला परत हजर. हा नेम थोरल्या मालकांनी घालून दिला होता. उधाणात आगर, भांगात घर. चौदा वर्षांत जोमाने तो एकदाही मोडला नव्हता — ना आगराचा, ना घराचा.

आता खरं सांगू? मला त्याचा हेवा वाटायचा. मी लिहिणारा-वाचणारा माणूस, आणि हेवा कुणाचा, तर उघाडीवरच्या जोमाचा! पण सप्तमीला तो होडीत बसायचा तेव्हा त्याचा चेहरा मला बघवत नसे. बायकोसाठी कधी बांगड्या, कधी पोरीसाठी कुरमुऱ्याचा लाडू. आणि एकादशीला यायचा तो असा ताजा होऊन यायचा की दुप्पट काम उपसायचा. आज मला कळतं की ज्याला वेळेवर घर मिळतं तोच चाकरी मनापासून करतो. आज कळतं म्हणालो — तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त झोंबत होतं.

कारण मला घर मिळत नव्हतं. थोरले मालक वारले होते. धाकटे मालक मुंबईला असत आणि पत्राने आगर चालवत. माझा पहिला मुलगा झाला. बारशाला दोन दिवस द्या म्हणून मी लिहिलं. उत्तर आलं की ऐन हंगामात दिवाणजीच आगर सोडून जाणार असेल तर बाकीच्यांना काय सांगायचं. मुलाचं नाव काय ठेवलं ते मला चार दिवसांनी भावाच्या पत्रातून समजलं. त्याच दिवशी सप्तमी होती. जोमा होडीत बसताना मला हात करून गेला. वाईट काय होतं त्यात? काही नाही. पण त्या दिवशी माझ्या मनात जे बसलं ते उठलं नाही — मला नाही, तर यालाही नाही.

पुढच्या साली चैत्रातली गोष्ट. जोमाची बायको पारू पुन्हा गरोदर होती, सातवा सरून आठवा लागला होता. मधल्या काळात दोन मुलं जाऊन मागे एकच पोर राहिली होती, नाथी, दहा वर्षांची. घरात आणखी जोमाची आई, तिला डोळ्यांनी जेमतेम दिसायचं. या खेपेला पारूचे पाय सुजले होते. जोमा काळजीत होता. त्याने घरी एक खूण ठरवून ठेवली होती. काही लागलं तर पोरीने खाडीकाठच्या बांबूला पारूचं तांबडं लुगडं लावायचं. ते दिसलं की तो होडी घेऊन निघणार, पारूला होडीत घालून थेट पेणेच्या डॉक्टरकडे नेणार. हे त्याने मला स्वतः सांगितलं. उधाण असलं तरी मला जाऊ द्या, इतकंच त्याचं मागणं होतं. मी म्हटलं, जा की, त्यात विचारायचं काय. तेव्हापासून तो जेवायलासुद्धा खाडीकडे तोंड करून बसायचा.

सप्तमी आली. जोमाने होडी धुतली. मी त्याला बोलावून सांगितलं की धाकटे मालक मुंबईहून येणार आहेत, दशमीपर्यंत थांब, उघाडीवाला हजर नाही असं त्यांना दिसायला नको. मालक येणार नव्हते. तसं पत्र नव्हतं, निरोप नव्हता, काही नव्हतं. जोमाने एकदा पलीकडे बघितलं आणि मान हलवली. मालकाचं नाव घेतल्यावर तो नाही म्हणणार नव्हता, हे मला ठाऊक होतं.

नवमीला रामजन्म. अलीकडच्या गावातली माणसं, म्हणजे आमचे सगळे आगरी गडी-बाया, उत्सवाला गेलेली. पलीकडच्या गावातली माणसंही होड्या घेऊन रेवसच्या बाजूला जत्रेला गेली होती. आगरावर मी आणि जोमा, दोघंच. मी तोंड धुवायला खिडकीशी आलो आणि पलीकडे बघितलं.

बांबूला लुगडं लागलेलं होतं.

ऊन नुकतं वर आलं होतं, पाणी अजून भरलेलं होतं. चांगलं स्वच्छ दिसत होतं, तांबडं, वाऱ्यावर फडफडणारं. चुकून वाळत घातलेलं असेल, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा नाही. पुष्कळदा वाटतं, म्हटलं असतं तर बरं झालं असतं, आज टेकायला काहीतरी असतं. पण मला लगेच समजलं होतं. जोमा त्या वेळी माझ्या खोलीच्या मागे चूल पेटवत होता. मी दारात गेलो आणि त्याला सांगितलं की पूर्वेकडचा बांध पार ढासळलाय, आत्ताच्या आत्ता जा आणि चिखल घालून चोपून घे, चहा मी करून देतो. चहा त्याला तिथल्या तिथे पाजला, खाडीकडे पाठ करून बसवून. मग तो फावडं घेऊन पूर्वेला गेला. तिथे मिठाच्या राशी आडव्या येतात. त्यांच्यापलीकडे खाडीही दिसत नाही आणि काठही.

का केलं? त्याला बायकोपासून तोडायचं होतं का? तिने मरावं असं वाटत होतं का? नाही — हे सांगून मी स्वतःला सोडवतो आहे असं समजू नका. मला फक्त एवढं हवं होतं की एक दिवस, एकच दिवस, याच्याही घरून हाक यावी आणि याला जाता येऊ नये. मग याला कळेल. काय कळेल? आणि त्याला कळणार तरी कसं, लुगडं त्याच्या दृष्टीलाच पडलं नाही तर? हा विचार त्या दिवशी मला सुचला नाही. द्वेष करणाऱ्याला हिशेब कुठला सुचतो.

दुपार झाली. जोमा भाकरी खायला खोलीकडे आला असता. म्हणून मी त्याची भाकरी, कांदा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उन्हातून स्वतः पूर्वेच्या बांधावर गेलो. त्याला इतकं अवघडल्यासारखं झालं की काय करावं सुचेना. दिवाणजीने गड्याची भाकरी वाहून आणायची, हे आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याने हात धुतले, मला नमस्कार केला आणि मगच घास घेतला. पुढे कितीतरी वर्षं तो हे सांगत असे — मालक येणार म्हणून दिवाणजींनी मला हलू दिलं नाही, पण भाकर सोता घेऊन आले. ऐकणारे माझ्याकडे आदराने बघायचे.

परत येऊन मी खिडकीशी बसलो. दुसरं काय काम होतं? ओहोटी लागली, चिखल उघडा पडला, लुगडं तसंच. मध्ये एकदा ती पोर बांबूपाशी आलेली दिसली, लहानशी. तिने बांबू उपसला आणि दोन्ही हातांनी धरून हलवायला लागली. इकडून तिकडे, इकडून तिकडे. बराच वेळ. मी पाहत होतो. मग दमली असेल, बांबू पुन्हा रोवून आत गेली. चारच्या सुमाराला लुगडं उतरलं. मला बरं वाटलं. चला, निभावलं त्यांचं, असं मी म्हणालो.

संध्याकाळी जोमा चिखलाने माखून आला. येताच त्याने सवयीने पलीकडे बघितलं. बांबू मोकळा होता.

"सगलं बरं हाय घरा," तो म्हणाला आणि अंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गावचा एक माणूस होडी घेऊन आला. पारू गेली होती. पोटातलं मूलही गेलं होतं. दुसऱ्या गावाहून सुईण पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते आणि तिच्या हातात काही उरलं नव्हतं. लुगडं उतरवलं ते त्यानंतर. जोमा पायरीवरून उठला, होडीत बसला आणि गेला. रडला नाही. मी त्याला धीर दिला, जाताना खांद्यावर हात ठेवला. होय, हेही केलं मी.

तुम्ही म्हणाल, एवढंच का? एवढंच असतं तर कदाचित मी तुम्हाला सांगितलंही नसतं. माणूस हेव्यापायी एखादं पाप करून बसतो, पुढे जन्मभर कुढतो, असली माणसं पुष्कळ असतील. माझं पुढे आहे.

जोमा चतुर्दशीला परत आला. सुतक फिटलेलं नव्हतं. म्हणाला, पुनवेचं उधाण हाय, उघाडी कोन बघल? मी त्याला परत पाठवायला हवं होतं. पण मला ते आवडलं. घरात मयत झालेली असताना माणूस आगरावर येतो, ही गोष्ट मालकांना लिहून कळवण्यासारखी होती. आणि मी ती कळवलीसुद्धा.

पौर्णिमेला दुपारी उघाडी पाडून झाल्यावर तो माझ्या खोलीपुढे येऊन बसला.  मग म्हणाला, नाथी म्हणते लुगडं सकाळपासून लावलेलं होतं. म्हातारीला दिसत नाही, गाव जत्रेला गेलेलं, सुईण आली ती तीननंतर. बघणारं कुणीच नाही. तुम्ही त्या दिवशी खोलीत होतात.

"तुमाला दिसला का, दिवाणजी?"

हा एक क्षण. इथे मी बोललो असतो तर त्याने मला फावड्याने मारलं असतं, आणि ते योग्य झालं असतं. किंवा मी नुसतं म्हटलं असतं की माझं लक्ष नव्हतं, झोप लागली होती. तेवढ्यानेही भागत होतं. खोटं ते खोटंच, पण त्यात दुसऱ्या कुणाचा बळी गेला नसता. मी काय केलं?

"सकाळी नव्हतं," मी म्हणालो. "दिवसभर मी इथेच होतो. चार वाजायच्या जरा आधी काहीतरी तांबडं दिसलं आणि लगेच उतरलं."

जोमाने ते ऐकून घेतलं. त्याचे हात मांडीवर होते, ते तसेच राहिले.

"मंग पोरीन उशीर केला," तो म्हणाला.

आणि मी — ऐका हे — मी त्याला समजावलं. म्हटलं, पोर आहे, खेळता खेळता विसरली असेल, मारू नकोस तिला. दयाळूपणाने म्हटलं. आवाज मऊ करून. दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर तिच्या आईचं मरण ठेवलं आणि वर तिच्यासाठी रदबदली केली. असा आहे मी.

त्याने तिला मारलं नाही. मारलं असतं तर एखाद्या दिवशी पुन्हा जवळही घेतलं असतं. तो तिच्याशी बोलायचाच थांबला. पुढल्या सप्तमीला होडी निघाली नाही. त्याच्या पुढल्यालाही नाही. मी विचारलं तर म्हणाला, घरा काय हाय? म्हातारीही फार दिवस राहिली नाही; नाथीला तिच्या मावशीने नेलं. तिचं लग्न झालं, रेवसला दिली, तेव्हा जोमा पाहुण्यासारखा अक्षता टाकून संध्याकाळच्या आत आगरावर परत. मुलीने पायाला हात लावला तेव्हा त्याने पाय मागे घेतले, असं नंतर कानावर आलं.

मालक मात्र खूश झाले. भांगातसुद्धा हजर असणारा माणूस! खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं अजून आहेत म्हणायची, असं त्यांनी मला लिहिलं. मग बाकीच्यांचीही भांगातली रजा बंद झाली. जोमा राहतो, तुम्हाला काय धाड भरली आहे, असं मीच सगळ्यांना ऐकवायचो.  गडी एकेक करून गेले, कुणी मुंबईच्या गोदीत, कुणी दुसऱ्या आगरावर. नवे आले ते भरती-ओहोटीकडे न बघता सूर्याकडे बघून काम करणारे. एका उधाणाला बांधाला खांड पडली तेव्हा हाकेला आला तो एकटा जोमा. गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून त्याने पहाटेपर्यंत चिखल लोटला. मालकांनी त्याला घोंगडी दिली आणि माझा पगार वाढवला. असल्या निष्ठेला काय म्हणायचं? ज्याचं जायला घरच उरलेलं नाही, त्याने दुसरीकडे कुठे जायचं?

परवाच्या मार्गशीर्षात जोमाला ताप आला. चौथ्या दिवशी त्याने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता विचारेल.  पण त्याला माझ्याबद्दल काहीच विचारायचं नव्हतं. त्याचा माझ्यावर पुरता विश्वास होता.

"नाथीला सांगा," तो म्हणाला, "माजा राग गेला. पोर व्हती ती तवा."

मी उशाशी बसलो होतो. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तो ऐकू शकत होता, समजू शकत होता, डोळे उघडे होते. मरणाऱ्या माणसाला सांगायला कसली भीती? तो काय करणार होता मला? मी म्हणालो, सांगतो. त्याच दिवशी दुपारी तो गेला.

निरोप धाडला तशी नाथी आली. नवऱ्याबरोबर होडीतून, कडेवर वर्षाचं मूल. एकवीस-बावीसची झाली असेल. मी तिला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बघत होतो. तिने बापाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि पुष्कळ वेळ पाहिलं. गडी उभे होते, चार बाया होत्या. मी वडीलधाऱ्यासारखा पुढे झालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की तुझ्या बापाने शेवटी तुला माफ केलं, त्याचा राग गेला म्हणाला.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी तिथला शहाणा, मोठा माणूस, आणि माझ्यासमोर एकदा हे बोलायला मिळतंय, असं काहीतरी तिच्या तोंडावर होतं.

"दिवाणजी," ती म्हणाली, "मी सकालीच लावलं व्हतं."

 ती वाट पाहत होती. मुलाने तिच्या गळ्यातली पोत ओढली, ती तिने सोडवली नाही.

"आता काय त्याचं, बाई," मी म्हणालो.

तिने मान खाली घातली आणि बापाच्या पायाशी जाऊन बसली. मला दिसलं होतं. सकाळपासून दिसलं होतं.